पटाशीपासून सुळ्यापर्यंत

माणसाच्या तोंडात पुढच्या बाजूला बारा दात असतात, वरच्या जबड्यात सहा आणि खालच्या जबड्यात सहा. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत सरळ रेघ ओढली, तर तिच्या दोन्ही अंगांना आधी दोन पटाशीचे दात येतात आणि त्यांच्या पलीकडे एक सुळा. वर-खाली, डावी-उजवीकडे हाच क्रम. म्हणजे आठ पटाशीचे आणि चार सुळे. शाळेच्या पुस्तकात पटाशीच्या दाताला कृंतक म्हणजे कापणारा आणि सुळ्याला रदनक म्हणतात. त्यांच्या मागे उपदाढा आणि दाढा सुरू होतात. त्यांना दोन-तीन मुळे असू शकतात. पुढच्या बारांना सहसा एकच मूळ असते.

या बारा दातांना किती तोंडांनी किती नावे दिली, हे पाहायला आदिलाबादसारखा दुसरा जिल्हा सहज सापडणार नाही. पैनगंगेच्या उत्तर काठावर यवतमाळ, दक्षिण काठावर आदिलाबाद. निजामाचे राज्य 1948 मध्ये गेले, 1956 च्या भाषावार रचनेत किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले, 2014 मध्ये तेलंगण राज्य झाले आणि 2016 मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलत गेल्या, पण इंद्रवेल्लीच्या किंवा उटनूरच्या आठवडी बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू आणि लंबाडी आजही एकाच सावलीत बोलल्या जातात. तिथे दात दुखणारा माणूस गालाला हात लावून जे सांगतो, ते समोरच्याला दुसऱ्या भाषेतही समजते.

मराठीने पटाशीच्या दाताचे नाव सुताराच्या पिशवीतून उचलले. पटाशी म्हणजे रुंद, चपट्या पात्याचे हत्यार. खोल खाच पाडायला सुतार जाड, अरुंद किकरे घेतो. लाकडाचा पापुद्रा सपाट उतरवायचा असेल, तर पटाशी. हातात घेऊन पाहिली की नाव ठेवणाऱ्याची नजर कळते. पात्याची एक बाजू सरळ असते आणि दुसरी टोकाशी उतरती तासलेली, दोन्ही मिळतात तिथे धार. वरच्या पुढच्या दाताचेही असेच आहे. ओठाकडची बाजू किंचित फुगीर पण बरीचशी सपाट, जिभेकडची बाजू मात्र खोलगट, उतरती. त्या खोलगटाच्या बुडाशी हिरडीजवळ एक लहानसा उंचवटा असतो आणि जिभेचे टोक फिरवले की तो लागतो. खालचे दात वरच्यांच्या किंचित मागे बंद होतात, वरची धार खालच्या धारेवर दोन-तीन मिलिमीटर उतरते, आणि पेरूचा तुकडा दोन पात्यांमध्ये सापडतो. निर्मळची खेळणी ज्या हलक्या पोनिकी लाकडातून कोरतात, त्यातून पटाशी चालवणे आणि पिकलेल्या पेरूतून दात चालवणे, दोन्हींत दाब आणि कोन यांचाच हिशेब आहे.

फरक एका बाबतीत मोठा आहे. सुताराला धार पुन्हा लावता येते. उंदीर, घूस, खार यांनाही निसर्गाने ती सोय दिली आहे. त्यांच्या पटाशीवर कठीण थर फक्त समोरून असतो, मागची मऊ बाजू लवकर झिजते, त्यामुळे धार आपोआप लागत राहते आणि दात जन्मभर वाढतो. माणसाच्या दाताला कठीण थर चहूबाजूंनी मिळतो, पण एकदाच. हा थर म्हणजे इनॅमल. वजनाने त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिज असतो आणि शरीरात त्याहून कठीण काही नाही. मात्र तो घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच संपतात. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते, इनॅमलचा टवका उडाला की तो उडालाच.

वरचे मधले दोन दात सगळ्या पटाशींत रुंद. सरासरीने प्रत्येक सुमारे 8.5 मिलिमीटर रुंद असतो, दिसणारा भाग 10.5 मिलिमीटर आणि जबड्यात रुतलेले मूळ 13 मिलिमीटर. हसणाऱ्या चेहऱ्यावर जे चमकते ते याच दोघांचे असते, पण त्यांचा निम्म्याहून अधिक भाग कधीच कोणाला दिसत नाही. शेजारचा दात अंगाने बारीक, सुमारे 6.5 मिलिमीटर, त्याचे कोपरे गोलसर. घडणीत हा दात फार लहरी. काहींच्या तोंडात तो खुंटीएवढाच उगवतो, काहींच्या तोंडात उगवतच नाही. खालच्या जबड्यात गणित उलटे होते. तिथे मधला दात सर्वांत लहान, जेमतेम 5 मिलिमीटर रुंद, आणि शेजारचा त्याहून किंचित मोठा. पक्क्या बत्तिशीतला सर्वांत छोटा दात हाच.

सुळा मात्र एकटाच उभा असतो. त्याला धार नसते, टोक असते. वरच्या सुळ्याची एकूण लांबी सुमारे 27 मिलिमीटर, त्यातले 17 मिलिमीटर मूळ. तोंडातला सर्वांत लांब दात हाच, आणि म्हणून म्हातारपणी सगळे पडले तरी पुष्कळदा शेवटी उरतो तोही हाच. ओठाच्या कोपऱ्याला आतून आधार त्याचा असतो. तो काढला की गाल त्या जागी बसतो. ऊस सोलताना माणूस पुढचे दात सोडून कांडे तोंडाच्या कोपऱ्याकडे नेतो, ते या लांब मुळाच्या भरवशावर.

युरोपातल्या वैद्यांनी या दाताला कुत्र्याचे नाव दिले. मराठीला मात्र त्यात शूळ दिसला, तोच डोंगराच्या सुळक्यातही दिसतो. तेलुगूत हे कोरपळ्ळु, आणि कोर म्हणजे राक्षसाच्या किंवा रानडुकराच्या तोंडाबाहेर आलेला दात. इथे आकारावरून नाव देण्यातली एक चूकही सांगायला हवी. मराठीत हत्तीच्या दातांनाही सुळे म्हणतात. खरे पाहता हत्तीचे बाहेर आलेले दोन दात हे त्याच्या वरच्या जबड्यातल्या पटाशी आहेत, वाढत वाढत गजभर झालेल्या, आणि हत्तीला सुळे नसतातच. रानडुकराचे मात्र अस्सल सुळे. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे ही हत्तीवरची म्हण प्राणिशास्त्राच्या कसोटीलाही उतरते, कारण तो चावतो ते आतल्या दाढांनीच. एकदंत गणपतीचा मोडलेला दातही या हिशेबाने पटाशीचाच ठरतो.

नावे जबड्यावर सरकतातही. संस्कृतात दंष्ट्रा म्हणजे सुळा, वराहाचा किंवा वाघाचा. प्राकृतात तिची दाढा झाली. श्रीलंकेत कँडीला जपलेला बुद्धाचा दात परंपरेने डावा सुळा मानतात, आणि त्याच्यावरच्या पाली ग्रंथाचे नाव दाठावंस. मराठीत येईतो दाढ मागे सरकून चावणारा दात झाली आणि पुढची रिकामी जागा सुळ्याने घेतली. शब्द तोच, तोंडही तेच, जागा मात्र तीन-चार घरे मागे.

पुढच्या दोन वरच्या दातांना संस्कृतात जे नाव आहे, त्याला तोड नाही. राजदंत, म्हणजे दातांचा राजा. नेहमीच्या रीतीने हा समास दंतराज व्हायला हवा होता. पाणिनीला उलटा झालेला हा क्रम सांभाळण्यासाठी वेगळा नियम करावा लागला, आणि अशा सगळ्या शब्दांच्या गणाला त्याने या दाताचेच नाव दिले. बालरोगांवरच्या काश्यपसंहितेत दात येण्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे मधले वरचे दोन ते राजदंत, त्यांच्या बाजूचे बस्त, मग दंष्ट्रा, असा क्रम लावला आहे आणि राजदंतांना पवित्र मानले आहे. बत्तीसांपैकी आठ दात एकदाच उगवतात आणि बाकीचे दोनदा, असेही तिथे म्हटले आहे. आजच्या मोजणीत दुधाचे वीस पडून पुन्हा येतात आणि मागचे बारा एकदाच येतात. आकडा जुळत नाही, पण काही दात द्विज असतात आणि काही नसतात हा भेद ज्याने केला, त्याने पुष्कळ लेकरांची तोंडे उघडून पाहिली असणार. पक्षी आणि ब्राह्मण यांच्याबरोबर दातालाही संस्कृतात द्विज म्हणतात, ते या दुसऱ्या जन्मामुळेच.

आदिलाबादच्या डोंगराळ भागात दातासाठी जो शब्द चालतो, तो संस्कृताच्या कुळातला नाही. गोंडीत दात म्हणजे पल, कोलामीतही पल. तमिळमधला पल्, कन्नडमधला हल्लु आणि तेलुगूतला पन्नु हे त्याचेच भाऊबंद. तेलुगूत एक दात पन्नु आणि अनेक दात पळ्ळु. पुढचे ते मुंदु पळ्ळु, दुधाचे ते पाल पळ्ळु. म्हणजे मराठीतले दूध आणि तेलुगूतले पाल दोन्हीकडे एकाच कल्पनेने दाताला चिकटले आहे. या भागातल्या गोंडी आणि कोलामीची व्याकरणे लिहिणाऱ्यांत एक नाव मराठी वाचकांच्या ओळखीचे आहे, इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांचे. हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत असताना ते या भाषा शिकले, आणि त्यांचे कोलामीचे व्याकरण 1950 मध्ये छापले गेले. शिवकालाचे अभ्यासक म्हणून त्यांना मिळालेल्या मानापुढे हे काम मागे पडले, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

निजामाच्या राज्यात वैद्यकाची भाषा उर्दू होती. 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात डॉक्टरकीचे शिक्षणसुद्धा उर्दूतून दिले जाई. हकिमांच्या अरबी शब्दांत पुढच्या दातांची वाटणी मोजून केलेली आहे. मधले ते सनाया, दोन या शब्दावरून. त्यांच्या बाजूचे ते रबाइयात, चार या शब्दावरून. सुळे ते अनयाब. आणि सुळ्यांच्या लगेच मागचे दात ते जवाहिक, म्हणजे हसणारे, कारण माणूस खुलून हसला की तिथपर्यंतचे दात दिसतात. दाताला त्याच्या कामाचे किंवा आकाराचे नाव न देता समोरच्याच्या आनंदाचे नाव देणारी ही कल्पना सर्व भाषांतल्या नावांत सुंदर आहे. या परंपरेतला एक शब्द मराठीत कायमचा राहिला. अक्कलदाढेतली अक्कल अरबी आणि दाढ प्राकृत.

आजच्या दवाखान्यात या सगळ्या नावांच्या जागी आकडे आले आहेत. तोंडाचे चार भाग करायचे, रुग्णाचा वरचा उजवा भाग पहिला, वरचा डावा दुसरा, खालचा डावा तिसरा, खालचा उजवा चौथा. मध्यरेषेपासून दात मोजायचे. मग उजवा राजदंत झाला 11 आणि उजवा वरचा सुळा 13. हा आकडा अकरा म्हणून वाचत नाहीत, एक-एक असा वाचतात. दुधाच्या दातांचे भाग पाचपासून सुरू होतात, म्हणून त्याच जागेवरचा दुधाचा दात 51. अमेरिकेत मात्र सलग मोजतात, आणि आदिलाबादहून तिकडे गेलेल्या माणसाचा तोच दात तिथल्या कागदावर 8 होतो.

दात येण्याचा क्रम साधारण ठरलेला आहे. सहा ते दहा महिन्यांच्या सुमारास खालचे मधले दोन दिसतात, त्यानंतर वरचे. कधी वरचे आधी आले की मराठी घरात मामाला जड म्हणतात आणि तेलुगू घरात मेनमामाला गंडांतर म्हणतात. काश्यपसंहितेतही वरचे दात आधी येणे अशुभच मानले आहे. हा क्रम बदलल्याने बाळाचे किंवा मामाचे काही बिघडत नाही, आणि मामाला विनाकारण घोर लावून घेण्याचे कारण नाही. सहा-सात वर्षांनी खालचे मधले दात पडतात. पडलेला दात कौलांवर फेकायचा किंवा उंदराला द्यायचा, आणि त्याच्यासारखा धारदार दात मागून घ्यायचा. मागणी योग्य माणसाकडे आहे, कारण जन्मभर वाढणारी पटाशी त्याच्याचकडे असते.

बेल्याच्या किंवा जैनथच्या शाळेत दुसरीच्या वर्गात एखाद्या मुलीला तोंड उघडायला सांगावे. नव्याने आलेल्या वरच्या दाताची कड सरळ नसते, तीन बारीक उंचवटे असतात, करवतीच्या दात्यांसारखे. दात घडताना समोरचा भाग तीन पाकळ्यांत वाढून एकत्र येतो, त्याच्या या खुणा. खालचा दात समोर आला की वर्ष-दोन वर्षांत त्या घासून जातात. दुधाच्या दातांच्या तुलनेत नवा दात पिवळसर आणि अवाढव्य दिसतो, दोघांच्या मध्ये फट असते, आणि आईला काळजी वाटते. बहुतेक वेळा ती फट सुळे उतरताना, अकरा-बारा वर्षांच्या सुमारास, आपोआप मिटते. दंतवैद्यांनी या काळाला अँडरसनच्या कुरूप बदकपिल्लाचे नाव दिले आहे, आणि गदिमांच्या गाण्यामुळे ते पिल्लू मराठी घरात आधीपासून ओळखीचे आहे.

याच वयात मुले पडतात आणि राजदंतच सर्वांत जास्त मोडतात. पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर त्याला मुळाकडे हात न लावता वरच्या भागाने धरावे, माती लागली असेल तर हलकेच धुवावे, जमल्यास लगेच त्याच खाचेत बसवावे, नाहीतर दुधात ठेवून तासाभराच्या आत दवाखाना गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, खाली घडत असलेल्या पक्क्या दाताला इजा होते. दाताचे नाव आणि पिढी माहीत असणे इथे खरोखर उपयोगी पडते.

दात हिरडीखाली असताना घडतो, आणि त्या काळात शरीरावर जे गुदरते ते इनॅमलमध्ये उमटते. वरच्या मधल्या दाताचे इनॅमल जन्मानंतर तीन-चार महिन्यांनी धरू लागते, शेजारच्या दाताचे दहा-बारा महिन्यांनी, आणि मधल्याचे चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत पुरे होते. म्हणून आडवी खूण मधल्या दाताच्या कडेजवळ असली आणि शेजारचा स्वच्छ असला, तर आजार किंवा उपासमार पहिल्या वर्षातली होती हे सांगता येते. पाण्यातल्या फ्लोराइडचेही तसेच. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत. नेल्लूर जिल्ह्यातल्या फ्लोराइडच्या रोगाचा अहवाल 1937 मध्ये प्रसिद्ध झाला, नलगोंडा त्यामुळेच देशभर माहीत झाला, आणि यवतमाळच्या पांढरकवडा, झरी भागांत, तसेच आदिलाबादच्या काही गावांत बोअरच्या पाण्याने तेच केले. सुरुवातीला खडूसारख्या पांढऱ्या रेघा, मग तपकिरी डाग, मग खड्डे. डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर डाग जवळपास सारखेच पडतात, कारण जोडीचे दात एकाच वेळी घडतात. एकाच दातावर डाग असेल, तर बहुधा लहानपणी मार लागलेला असतो. लग्नाच्या बोलणीत असा डाग मुलीच्या अस्वच्छपणावर ढकलला जातो, हे फार दुष्ट आहे. घासून तो जात नाही, कारण तो वरून लागलेला नाही.

पुढे आयुष्यभर खुणा वरून पडतात. दगडी जात्याच्या पिठातली कच, शिवताना दातांनी तोडलेला दोरा. वर्षानुवर्षे गोधड्या शिवणाऱ्या बाईच्या वरच्या दाताच्या कडेवर दोऱ्याएवढी खाच पडलेली असते. कड घासत जाते, आतला पिवळा थर दिसू लागतो, चाळिशीनंतर पटाशी बोथट होते.

या दातांचे एक काम राहिले, बोलण्याचे. त, थ, द, ध म्हणताना जिभेचे टोक राजदंतांच्या पाठीला टेकते. दात हा शब्द उच्चारताना जीभ त्याच दाताला दोनदा शिवते. मराठीतल्या चाक आणि चमचा यांतला च दातांजवळून निघतो, चार आणि चहा यांतला टाळूकडून. तेलुगूतही चालु यातला च दातांजवळचा आणि चेप्पु यातला टाळूचा. शेजार जुना असल्याची ही खूण आदिलाबादच्या कोणत्याही बाजारात कानावर पडते. स म्हणताना वरच्या-खालच्या धारा जवळ येतात पण टेकत नाहीत, आणि मधल्या बारीक फटीतून वारा सुटतो. म्हणून पहिलीतल्या बोबड्या मुलाचा आणि बोळक्या तोंडाच्या आजीचा स सारखाच निसटतो.

कवळी बनवताना दंतवैद्य पुढचे दात आधी मेणात बसवून तोंडात घालून पाहतो आणि म्हातारीला आकडे मोजायला सांगतो. मराठी बाई साठ, एकसष्ट करत सहासष्टपर्यंत येते. शिट्टी वाजली, किंवा वरचे-खालचे दात खटकन आपटले, की तो कवळी बाहेर काढतो, मेण दिव्यावर ऊन करतो, राजदंत केसाएवढा मागे किंवा पुढे कलता करतो आणि पुन्हा मोजायला लावतो, सहासष्ट स्वच्छ येईपर्यंत.